खिडकीतला दिवा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मिसुरी नदीच्या पश्चिम काठावर नेब्रास्का हे राज्य वसले आहे. या राज्यातील सर्वांत मोठ्या शहराचे नाव ओमाहा. हे नाव ज्या आदिवासी जमातीवरून पडले, ती ओमाहा जमात पिढ्यान् पिढ्या या नदीच्या परिसरात राहत होती. मक्याची शेती आणि रानगव्यांची शिकार यांवर तिचा निर्वाह चाले. पूर्वेकडून गोऱ्या वसाहतवाल्यांचे लोंढे येऊ लागले आणि या जमातीचे जुने जीवन ढासळू लागले. १८५४ साली ओमाहांनी अमेरिकन सरकारशी तह केला. आपली बहुतेक भूमी त्यांनी सरकारच्या स्वाधीन केली आणि नेब्रास्काच्या ईशान्य कोपऱ्यातील एक राखीव क्षेत्र तेवढे स्वतःकडे ठेवले. भूमीच्या मोबदल्यात सरकारने त्यांना ठरावीक रक्कम देऊ केली. राखीव क्षेत्राचा कारभार सरकारी प्रतिनिधीच्या हाती गेला. तेथील शाळा आणि तेथील डॉक्टर, दोन्ही त्याच्याच अखत्यारीत असत.

या राखीव क्षेत्रात १७ जून १८६५ रोजी सुझन ला फ्लेश हिचा जन्म झाला. तिचे वडील जोसेफ ला फ्लेश हे ओमाहांचे प्रमुख होते. जमातीत ते लोहनेत्र या अर्थाच्या नावाने ओळखले जात. १८५४ च्या तहावर स्वाक्षरी करणाऱ्यांत तेही होते. जोसेफ दूरदृष्टीचे गृहस्थ होते. रानगव्यांचे कळप झपाट्याने नाहीसे होत आहेत आणि गोऱ्या लोकांचा ओघ आता थांबणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. बदलत्या काळात टिकून राहायचे, तर मुलांनी शिकले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. जमातीतील काही जुन्या मंडळींना हा विचार पटत नसे. जोसेफ यांनी लाकडी घरे बांधून वसविलेल्या वस्तीची ते थट्टाही करीत. पण जोसेफ डगमगले नाहीत. सुझनची आई मेरी ही एका लष्करी शल्यचिकित्सकाची मुलगी होती. तिची आई मात्र आदिवासी होती. सुझनला सुझेट, रोझली आणि मार्गरेट या तीन थोरल्या बहिणी होत्या. त्यांपैकी सुझेट हिने पुढे आदिवासींच्या हक्कांसाठी देशभर भाषणे देऊन मोठे नाव मिळविले. फ्रान्सिस हा त्यांचा सावत्र भाऊ मानववंशशास्त्राचा नामांकित अभ्यासक झाला.

सुझन सुमारे आठ वर्षांची असताना एक घटना घडली. राखीव क्षेत्रातील एक वृद्ध स्त्री अत्यवस्थ होती. छोटी सुझन तिच्या उशाशी बसली होती. सरकारने नेमलेल्या डॉक्टरला बोलावण्यासाठी निरोप्या धाडण्यात आला. लवकरच येतो, असे उत्तर घेऊन तो परतला. रात्र वाढत गेली, वेदना वाढत गेल्या, पण डॉक्टर आला नाही. दुसऱ्यांदा निरोप गेला, तिसऱ्यांदा गेला, चौथ्यांदाही गेला. प्रत्येक वेळी तेच आश्वासन मिळाले. पहाट होण्यापूर्वी त्या वृद्धेने प्राण सोडला. डॉक्टर शेवटपर्यंत फिरकला नाही. रुग्ण आदिवासी होती, म्हणून तिच्या जिवाची किंमत त्याला वाटली नाही, ही गोष्ट त्या बालमनाने अचूक टिपली. सरकारदरबारी डॉक्टरची नेमणूक झालेली होती, त्याला वेतन मिळत होते. रुग्णाच्या अंथरुणाजवळ मात्र कोणीही नव्हते. सुझनच्या पुढील आयुष्याची दिशा या एका रात्रीने ठरविली, असे मानले जाते.

सुझनचे प्राथमिक शिक्षण राखीव क्षेत्रातील मिशनच्या आणि सरकारी शाळांत झाले. १८७९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिला मार्गरेटबरोबर न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ या गावी मुलींच्या शाळेत पाठविण्यात आले. तीन वर्षे तेथे राहून ती घरी परतली आणि राखीव क्षेत्रातील शाळेत मुलांना शिकवू लागली. याच काळात ॲलिस फ्लेचर या अभ्यासक विदुषी ओमाहांमध्ये राहून त्यांच्या चालीरीतींचा अभ्यास करीत होत्या. त्या संधिवाताने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सुझनने त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. या मुलीची बुद्धी आणि सेवावृत्ती फ्लेचरबाईंच्या नजरेत भरली. तिने पुढे शिकावे, असा आग्रह त्यांनी धरला.

त्यानुसार १८८४ साली सुझन आणि मार्गरेट व्हर्जिनिया राज्यातील हॅम्पटन येथील विद्यालयात दाखल झाल्या. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६८ साली हे विद्यालय स्थापन झाले होते. पुढे तेथे आदिवासी मुलामुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि त्यांच्या खर्चासाठी सरकार वार्षिक रक्कम देऊ लागले. त्या काळातील अशा शाळांची एक दुसरी बाजूही होती. आदिवासी मुलांनी आपली भाषा, पोशाख आणि रीतिरिवाज विसरावेत, असा त्यांचा हेतू असे. घरापासून शेकडो मैल दूर गेलेली अनेक मुले त्यामुळे ना घरची ना दारची होत. सुझनने मात्र इंग्रजीवर प्रभुत्व मिळविले आणि आपली ओमाहा भाषाही सोडली नाही. या दोन भाषांचे ज्ञान तिला पुढे फार उपयोगी पडले. मे १८८६ मध्ये ती उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली आणि सुवर्णपदकाची मानकरी ठरली.

आता प्रश्न होता पुढील वाटचालीचा. शिकलेल्या आदिवासी मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची अपेक्षा होती. सुझनने डॉक्टर होण्याचे ठरविले. हॅम्पटन विद्यालयातील डॉक्टर मार्था वॉल्ड्रन या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर होत्या. त्यांनी तिला त्याच महाविद्यालयात जाण्यास उत्तेजन दिले. परंतु वैद्यकीय शिक्षणाचा खर्च ला फ्लेश कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा ॲलिस फ्लेचर यांनी कनेक्टिकट राज्यातील स्त्रियांच्या एका संस्थेकडे शब्द टाकला. आदिवासींच्या कल्याणासाठी झटणाऱ्या या संस्थेने खर्चाचा मोठा भाग उचलला. सरकारच्या आदिवासीविषयक खात्यानेही आर्थिक साहाय्य मंजूर केले. व्यावसायिक शिक्षणासाठी अमेरिकेच्या संघराज्य सरकारची मदत मिळालेली पहिली व्यक्ती म्हणून सुझन ला फ्लेश यांचाच उल्लेख केला जातो. या मदतीला एक अटही जोडलेली होती. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरची काही वर्षे सुझन यांनी विवाह करू नये, सारे लक्ष सेवेकडे द्यावे, असे ठरले. ती अट त्यांनी मान्य केली.

फिलाडेल्फियाचे हे महाविद्यालय मराठी माणसाला अपरिचित नाही. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी मार्च १८८६ मध्ये याच महाविद्यालयाची पदवी संपादन केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुझन यांनी तेथे प्रवेश घेतला. आनंदीबाई नुकत्याच मायदेशी निघून गेल्या होत्या, त्यामुळे या दोघींची महाविद्यालयात गाठ पडली नाही. दोघींच्या मार्गातील साम्य मात्र लक्षात येण्याजोगे आहे. आनंदीबाईंचे बाळ अवघ्या दहा दिवसांत दगावले होते. सुझन यांनी एका वृद्धेला उपचारांवाचून मरताना पाहिले होते. ज्या समाजात डॉक्टर पोहोचत नाही, त्या समाजातूनच डॉक्टर तयार झाला पाहिजे, या जाणिवेने दोघींनी घर सोडले. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती. पण तेथे रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या वेळी सुझन पहिल्या वर्षात शिकत होत्या.

महाविद्यालयातील तीन वर्षे सुझन यांनी अतिशय परिश्रमपूर्वक घालविली. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, प्रसूतिशास्त्र अशा विषयांचा अभ्यास आणि शवविच्छेदनाचे काम यांत त्या रमून गेल्या. घरी पाठविलेल्या पत्रांतून त्या अभ्यासाची हकीकत कळवीत आणि आरोग्याविषयी सूचनाही करीत. सप्टेंबर १८८८ मध्ये त्यांचे वडील वारले. मुलीची पदवी पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पुढे सहा महिन्यांनी, १४ मार्च १८८९ रोजी, छत्तीस विद्यार्थिनींच्या वर्गात पहिला क्रमांक मिळवून सुझन पदवीधर झाल्या. वैद्यकाची पदवी मिळविणारी अमेरिकेतील पहिली आदिवासी स्त्री म्हणून त्यांची इतिहासात नोंद झाली. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या रुग्णालयात काही महिने अनुभव घेतल्यावर मोठ्या शहरात व्यवसाय करणे त्यांना शक्य होते. त्यांनी मात्र ओमाहांच्या राखीव क्षेत्रातील सरकारी निवासी शाळेच्या डॉक्टरचे काम मागून घेतले. १८८९ च्या ऑगस्टमध्ये त्या तेथे रुजू झाल्या. नेमणूक शाळेतील मुलांपुरती होती, परंतु आपल्या भाषेत बोलणारी डॉक्टर आली आहे हे कळताच मोठी माणसेही त्यांच्याकडे येऊ लागली. काही महिन्यांतच सरकारने संपूर्ण जमातीच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. या कामासाठी सरकार त्यांना वर्षाला ५०० डॉलर देई. त्यात स्त्रियांच्या राष्ट्रीय आदिवासी कल्याण संस्थेकडून २५० डॉलरांची भर पडे.

सुमारे बाराशे माणसे आणि एकच डॉक्टर, असे हे काम होते. वस्त्या दूरदूर विखुरलेल्या होत्या, रस्ते जवळजवळ नव्हतेच. जवळची घरे सुझन पायी गाठत. लांबच्या रुग्णांकडे त्या घोड्यावरून जात. घोडदौडीत औषधांच्या बाटल्या फुटू लागल्या, तेव्हा त्यांनी दोन घोड्यांची बग्गी विकत घेतली. नेब्रास्काचा हिवाळा अतिशय कडक. पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरे आणि वाटा बर्फात गडप होत. तशा थंडीतही त्या पहाटे निघत आणि रात्री उशिरा परतत. क्षय, इन्फ्लुएन्झा, हगवण, गोवर, डोळ्यांच्या खुपऱ्या अशा रोगांनी लोक गांजले होते. १८९१-९२ च्या हिवाळ्यात इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा त्यांना क्षणाचीही उसंत मिळाली नाही. औषध दिले की काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. रुग्णाला काय खायला द्यावे, झोपडीत हवा कशी खेळती ठेवावी, आजारी माणसाचे भांडे वेगळे का ठेवावे, हे सारे त्या समजावून सांगत. अनेकदा स्वतः चूल पेटवून रुग्णासाठी पेजही करीत.

त्यांची कचेरी हे जणू जमातीचे हक्काचे घर झाले. सरकारी पत्रांचा अर्थ समजावून घेणे, अर्ज लिहून घेणे, जमिनीच्या व्यवहाराबाबत सल्ला घेणे, घरगुती तंटे मिटविणे, अशा नाना कामांसाठी लोक त्यांच्याकडे येत. ओमाहा आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणारी, सरकारी कागद वाचता येणारी आणि तरीही आपल्यातली अशी व्यक्ती लोकांना प्रथमच लाभली होती. जुन्या वळणाच्या कुटुंबांना आरंभी या नव्या वैद्यकाविषयी शंका होती. रोगी बरे होताना दिसू लागले, तसतशी ती मावळत गेली.

या श्रमांचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला. कानाच्या हाडाचा एक वेदनामय विकार त्यांना विद्यार्थिदशेपासून जडला होता. तो बळावत गेला. मान आणि पाठ यांतील वेदनांनी त्या आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहू लागल्या. आईचीही प्रकृती ढासळली होती. अखेर १८९३ साली, चार वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी सरकारी पदाचा राजीनामा दिला. एका माणसाच्या शरीराला पेलणार नाही एवढा भार त्या पदावर टाकलेला होता. मदतीला दुसरा डॉक्टर नव्हता आणि रुग्णांना ठेवण्यासाठी रुग्णालयही नव्हते.

१८९४ साली सुझन यांनी सू जमातीच्या हेन्री पिकॉट यांच्याशी विवाह केला. दोघे बॅनक्रॉफ्ट या गावी राहू लागले. त्यांना कॅरिल आणि पिएर ही दोन मुले झाली. विवाहानंतर, आणि त्यातही मुले झाल्यावर, स्त्रीने व्यवसाय करणे त्या काळी रीतीला धरून नव्हते. सुझन यांनी मात्र आपले काम सोडले नाही. आदिवासी आणि गोरे, दोघांनाही त्या तपासत. मुले लहान असताना प्रसंगी त्यांना सोबत घेऊनच त्या रुग्णाच्या घरी जात. रात्री-अपरात्री मदत मागायला येणाऱ्याला घर सापडावे, म्हणून त्या खिडकीत दिवा तेवत ठेवीत. बालपणीच्या त्या रात्री निरोप्या चार वेळा रिकाम्या हाताने परतला होता. आता मध्यरात्री येणाऱ्या निरोप्याला दुरूनच दिवा दिसे.

दारूमुळे ओमाहांची घरे उद्ध्वस्त होत होती. जमिनीचा पैसा हाती येताच व्यापारी दारू घेऊन पुढे येत. नशेत असलेल्या माणसाकडून कागदांवर सह्या करून घेतल्या जात. हे दुःख सुझन यांच्या स्वतःच्या घरातही शिरले. हेन्री यांना मद्याचे व्यसन होते. १९०५ साली क्षयाने त्यांचे निधन झाले आणि दोन लहान मुलांची जबाबदारी सुझन यांच्यावर एकटीवर पडली. या आघातानंतर त्यांचा मद्यपानविरोधी लढा अधिकच तीव्र झाला. १९०६ च्या सुमारास रेल्वेमुळे राखीव क्षेत्रात नवी गावे वसत होती. त्या गावांत मद्यविक्रीला बंदी असावी, अशी अट जमिनीच्या कागदपत्रांतच घातली जावी, यासाठी त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला आणि त्यात त्यांना यश आले. त्यांपैकीच वॉल्टहिल या गावी त्यांनी आपले घर बांधले.

पतीच्या निधनानंतर त्यांना सरकारी कारभाराचा आणखी एक अनुभव आला. १८८२ च्या कायद्यानुसार ओमाहांची जमीन कुटुंबांना वाटून देण्यात आली होती. तथापि पंचवीस वर्षे ती सरकारच्या विश्वस्तपणाखाली राहणार होती. त्यामुळे स्वतःच्या जमिनीचा आणि वारशाचा पैसा मिळवण्यासाठीही लोकांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागत. मुलांच्या वारशासाठी सुझन यांनाही असाच दीर्घ पत्रव्यवहार करावा लागला. विश्वस्तपणाची मुदत संपत आली असता सरकारने ती आणखी वाढविण्याचे ठरविले. तेव्हा ओमाहांनी १९१० च्या आरंभी राजधानी वॉशिंग्टन येथे शिष्टमंडळ पाठविले. सुझन त्या वेळी आजारी होत्या, तरी लोकांनी त्यांच्याशिवाय जाण्यास नकार दिला. त्या आल्या नाहीत, तर उचलून आगगाडीत बसवू, इथपर्यंत मंडळींचा आग्रह होता, असे सांगतात. सुझन गेल्या आणि त्यांनी आपल्या लोकांची बाजू अधिकाऱ्यांपुढे ठामपणे मांडली. पुढे बहुतेक ओमाहांना आपल्या जमिनीचा व्यवहार स्वतः करण्याची मोकळीक मिळाली. मात्र या मोकळिकीचा फायदा जमिनीच्या दलालांनीही उठविला आणि अनेक कुटुंबांच्या जमिनी हातच्या गेल्या. कायद्याने हक्क मिळाला, तरी तो राखण्यासाठी शिक्षण आणि सावधपणा लागतो, हा त्यातला कटू धडा होता.

सार्वजनिक आरोग्य हे सुझन पिकॉट यांच्या उत्तरायुष्यातील मुख्य कार्य होते. शाळांत आणि सार्वजनिक ठिकाणी सर्वांसाठी एकच पेला ठेवण्याची त्या काळी प्रथा होती. त्यातून क्षयासारखे रोग पसरतात, हे त्यांनी लोकांना पटवून दिले. घरमाश्यांपासून होणारा उपद्रव, दारे-खिडक्यांना बारीक जाळी बसविण्याची आवश्यकता, शाळकरी मुलांची तपासणी, या विषयांवर त्यांनी भाषणे दिली आणि लेख लिहिले. परगण्यातील डॉक्टरांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. नेब्रास्कातील महिला मंडळांच्या संघाच्या आरोग्य समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. एकेका रुग्णाला बरे करीत राहण्यापेक्षा रोगाचे मूळ उखडणे अधिक मोलाचे आहे, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

तरीही एक स्वप्न अपुरे होते. ओमाहांच्या राखीव क्षेत्रात रुग्णालय हवे, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा होती. गंभीर रुग्णाला दूरच्या शहरात न्यावे लागे आणि कित्येकदा तो वाटेतच दगावे. सरकारी निधीची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. शेवटी त्यांनी लोकांकडेच हात पसरले. प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशन मंडळाने ८,००० डॉलर दिले, क्वेकर पंथीयांनी आपला वाटा उचलला. बहीण मार्गरेट आणि तिचे पती यांनी जागा दिली. गावकऱ्यांनी खाटा आणि सामानसुमान पुरविले. जानेवारी १९१३ मध्ये वॉल्टहिल येथे रुग्णालयाचे दार उघडले. सर्वसाधारण कक्ष, प्रसूतीची सोय आणि शस्त्रक्रियेची खोली असे या छोट्या वास्तूचे स्वरूप होते. आदिवासी असो वा गोरा, येथे कोणालाही मज्जाव नव्हता. सरकारी पैशावाचून आदिवासींच्या राखीव क्षेत्रात उभे राहिलेले हे पहिले रुग्णालय, असे त्याचे वर्णन केले जाते. त्यात एका स्त्रीच्या जिद्दीचा गौरव आहेच. ज्या सरकारने तहात भूमी घेतली, त्याने साठ वर्षांत येथे एक रुग्णालयही बांधले नाही, हे सत्यही त्यातच दडलेले आहे.

रुग्णालय उभे राहिले, तेव्हा सुझन यांची प्रकृती पार खालावलेली होती. कानाचे दुखणे आता असाध्य झाले होते. जे रुग्णालय त्यांनी इतरांसाठी उभारले, तेथे काम करण्याची संधी त्यांना फार थोडा काळ मिळाली. १८ सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, वॉल्टहिल येथे त्यांचे देहावसान झाले. बॅनक्रॉफ्ट येथे पतीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या निधनानंतर रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. १९४० च्या दशकापर्यंत ते चालू होते. १९९३ साली ही वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाली. २०२१ साली नेब्रास्काची राजधानी लिंकन येथे सुझन ला फ्लेश पिकॉट यांचा पुतळाही उभारण्यात आला.

त्यांच्या आयुष्याने पुढे ठेवलेला प्रश्न मात्र पुतळ्याने सुटणारा नव्हता. दुर्गम भागात डॉक्टर यावा आणि टिकावा, यासाठी शासनाने काय करावे? सुझन यांच्या शिक्षणावर सरकारने जो खर्च केला, तो अल्प होता. त्यातून बाराशे माणसांना आपली डॉक्टर मिळाली. तो एका मुलीपुरता अपवाद होता. त्याचे धोरणात रूपांतर व्हायला बराच काळ लागला. १९७६ साली अमेरिकेत आदिवासींच्या आरोग्यसेवेविषयी कायदा झाला. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यायची आणि शिक्षणानंतर त्यांनी ठरावीक काळ आदिवासी भागात सेवा करायची, अशी तरतूद त्यात करण्यात आली. शिक्षणाच्या बदल्यात सेवा, हा जो करार सुझन यांनी नव्वद वर्षांपूर्वी वैयक्तिक पातळीवर पाळला होता, त्याला असे कायद्याचे रूप मिळाले.

शिक्षणाच्या क्षेत्रातही बदल घडला. १९६८ साली नवाहो जमातीने स्वतःचे महाविद्यालय सुरू केले. एखाद्या जमातीने स्वतः चालविलेले ते अमेरिकेतील पहिले महाविद्यालय होते. १९७८ च्या कायद्याने अशा महाविद्यालयांना संघराज्य सरकारचे अनुदान मिळू लागले. मात्र हे अनुदान जमातींचे सदस्य असलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. शेजारच्या गावांतून येणाऱ्या इतर विद्यार्थ्यांचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतो. मोंटाना आणि नॉर्थ डकोटा या राज्यांनी त्यासाठी आपल्या तिजोरीतून पैसा देण्याची तरतूद केली. सर्वच राज्यांनी तेवढी तत्परता दाखविलेली नाही. ओमाहांच्या राखीव क्षेत्रातील मेसी या गावीही आदिवासी महाविद्यालयाची शाखा आहे. सुझन यांना शिकण्यासाठी व्हर्जिनियापर्यंत जावे लागले होते. तेथील शिक्षणात त्यांच्या मातृभाषेला स्थान नव्हते. मेसी येथील महाविद्यालयात ओमाहा भाषाही शिकविली जाते.

एखाद्या वस्तीसाठी डॉक्टरचे पद मंजूर होते, तेव्हा कागदावर एक आकडा वाढतो. त्या वस्तीतील रुग्णाला धीर मिळतो, तो डॉक्टर प्रत्यक्ष दाराशी आल्यावरच. सुझन ला फ्लेश पिकॉट यांनी ही गोष्ट आठव्या वर्षी एका अंथरुणाजवळ बसून जाणली आणि मग जन्मभर दूरदूरची दारे गाठली. सरकारचे पाठबळ मिळाले, तेव्हा त्यांनी त्याचे सोने केले. ते मिळाले नाही, तेव्हा त्या स्वतः झिजल्या. त्यांच्यासारखी माणसे विरळा असतात. म्हणूनच त्यांच्या त्यागावर विसंबून न राहता, प्रत्येक दुर्गम वस्तीतील मुलामुलींना शिकता यावे आणि शिकून आपल्या माणसांत परतता यावे, याची तजवीज समाजाने आणि शासनाने मिळून करावयाची असते.